तराजूपाशी

गेल्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या क्लबच्या बंदिस्त रेंजवर माझ्या डावीकडच्या लेनमधून एक चुकीचा आवाज आला. तिथे दर गुरुवारी आम्ही दहा-बाराजण उभे राहून नेम धरतो, आणि कानांवर जाड कर्णरक्षक असूनही प्रत्येक बाराचा धक्का छातीत जाणवतो. त्या धक्क्याची लय अंगवळणी पडलेली असते. त्या लयीत एकदम 'फट्' असा हलका, पोकळ आवाज झाला. ओल्या लवंगी फटाक्याचा व्हावा तसा. डावीकडचे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, माझ्या जन्माआधीपासून पिस्तूल चालवणारे. त्यांचे बोट पुढच्या बारासाठी चापावर आवळलेले मला दिसले आणि त्याच क्षणी रेंज ऑफिसरने गोळीबार थांबवण्याचा पुकारा केला. बोट थांबले. सगळी रेंज थांबली. फक्त हवा खेचणाऱ्या मोठ्या पंख्यांची घरघर तेवढी चालू राहिली.

त्यांनी रिव्हॉल्व्हर तसेच निशाणाच्या दिशेने धरून ठेवले, अर्धा मिनिट वाट पाहिली, मग चक्र उघडून काडतुसे बाहेर काढली आणि नळीतून प्रकाश पाहण्याचा प्रयत्न केला. प्रकाश आला नाही. गोळी नळीत शिरून दीड-दोन इंचांवर अडकून बसली होती. काडतुसाच्या बुडाशी असलेला प्राइमर, म्हणजे दारूला ठिणगी देणारी छोटी वाटी, पेटला होता, पण त्याच्या पुढे जळायला दारूच नव्हती; ती भरायची राहून गेली होती. एकट्या प्राइमरला गोळी नळीत ढकलण्याइतका जोर असतो, बाहेर फेकण्याइतका नसतो. त्या बंद नळीत मागून दुसरी, पुरत्या दारूची गोळी सुटली असती, तर ती नळी किमान फुगली असती, कदाचित फुटली असती, आणि मी चार फुटांवर उभी होते. पितळी सळई आणि लाकडी हातोडीने गोळी बाहेर काढताना ते कोणाशीही बोलले नाहीत. सामान आवरताना मात्र त्यांनी मला हळू आवाजात एवढेच सांगितले, की वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून ही काडतुसे घरी तयार करत असताना मुलाचा फोन आला होता आणि फोन कानाला लावूनच त्यांनी हात चालू ठेवला होता.

घरी येऊन मी संगणक उघडला, तेव्हा महिनाभर विचार करून निवडलेले काडतुसे भरण्याचे यंत्र खरेदीच्या यादीत तसेच होते. फक्त पैसे भरायचे राहिले होते. मी ती खिडकी बंद केली आणि बराच वेळ अंधारात बसून राहिले.

नेमबाजीशी माझी ओळख नाशिकला कॉलेजात असताना एनसीसीमध्ये झाली. देवळालीच्या शिबिरात पोटावर पालथे पडून .२२ रायफलीने मी आयुष्यातले पहिले पाच बार काढले, आणि त्या पाच गोळ्यांपेक्षाही नंतरची मोजणी माझ्या अधिक लक्षात राहिली. हवालदार प्रत्येकीकडून पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेत. एक जरी कमी भरली, तरी सगळी तुकडी गवतात गुडघे टेकून ती सापडेपर्यंत शोधत राही. त्या पुंगळ्यांचा पुन्हा उपयोग होऊ शकेल, असा विचारही तेव्हा मनात येण्याचे कारण नव्हते, कारण .२२ची पुंगळी एकदाच वापरायची असते. तिच्यातला पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याचा आघात झाला की ती कड चेपली जाते. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मध्यभागी प्राइमरची वेगळी वाटी असते. ती काढून नवी बसवता येते, आणि घरी काडतूस भरण्याची सगळी विद्या त्या बदलता येणाऱ्या वाटीवर उभी आहे.

अमेरिकेत, ओहायोत येऊन मला आता सोळा वर्षे झाली. क्लीव्हलंडच्या पश्चिमेला, ईरी सरोवराच्या बाजूला आमचे घर आहे. त्याच काठाने तासाभराच्या अंतरावर कॅम्प पेरी आहे, जिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होत आल्या आहेत. मी पहिल्यांदा तिथे प्रेक्षक म्हणून गेले होते. एका हाताने पिस्तूल धरून, दुसरा हात खिशात घालून, पन्नास यार्डांवरच्या काळ्या वर्तुळाकडे पाहत उभी असलेली ती शांत माणसांची लांबलचक रांग मला एखाद्या घाटावर संध्या करत उभ्या असलेल्या माणसांसारखी दिसली. त्या वर्षीच मी क्लबात नाव घातले. पुढे स्मिथ अँड वेसनचे जुने मॉडेल १० रिव्हॉल्व्हर घेतले. त्याला .३८ स्पेशल हे काडतूस लागते. क्लबात पहिल्याच दिवशी मी पाहिले, की बार संपले की म्हातारी माणसे वाकून, कोणी लांब दांड्याच्या जाळीदार गोळ्याने, जमिनीवरच्या पुंगळ्या वेचतात आणि बादलीत टाकतात. मला एकदम आमच्या सराफ बाजारातले झारेकरी आठवले. सोनारांच्या दुकानांसमोरची धूळ, गटारातला गाळ ते पाटीत घेऊन धूत बसत आणि त्यातून सोन्याचे कण काढत. सराफीचे दुकान चालवणारे आमचे अण्णा म्हणत, ज्याला कण दिसतो त्याला केर दिसत नाही.

त्या दिवसापासून मीही पुंगळ्या वेचू लागले. रिव्हॉल्व्हरचे एक सुख असे, की त्याच्या पुंगळ्या उडून जात नाहीत. त्या चक्रातच राहतात आणि कोमट अवस्थेत तळहातावर पडतात. कॉफीचे तीन डबे भरले तरी मी त्यांचे काही केले नव्हते. मग २०२०चा उन्हाळा आला, दुकानांतली फडताळे रिकामी झाली, काडतुसे मिळेनात आणि मिळाली तर भाव ऐकवत नसे. पुढची दोन वर्षे प्राइमरचीही तीच गत होती. तेव्हा घरी काडतुसे भरणारे लोक जुन्या साठ्यावर निभावून नेत होते आणि आम्ही बाकीचे आठवड्याला दहा-बारा बारांवर समाधान मानत होतो. त्या टंचाईत माझा निश्चय झाला. पैसे वाचतील ही आशा मात्र क्लबातल्या जाणत्यांनी लगेच मोडून काढली. प्रत्येक काडतूस स्वस्त पडते हे खरे, पण माणूस तेवढ्याच पैशांत अधिक बार काढतो आणि खर्च होता तिथेच राहतो. मला ते पटले. शिवाय मला हवी असलेली गोळी दुकानात क्वचितच मिळे. तिला वॉडकटर म्हणतात. ती समोरून सपाट, पेल्यासारखी असते, वजनाने १४८ ग्रेन, आणि कागदावर ती फाटके छिद्र न पाडता ठशाने कापल्यासारखे स्वच्छ गोल छिद्र पाडते. तो गोल पाहण्यातला आनंद ज्याने अनुभवला आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

निवड करायची होती ती मुख्यतः प्रेसची. घरी काडतूस भरण्याच्या सगळ्या पायऱ्या या एका लोखंडी दाबयंत्रावर होतात. बार उडून फुगलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मूळ मापाची करायची आणि जुना प्राइमर बाहेर ढकलायचा, नवा प्राइमर बसवायचा, पुंगळीचे तोंड किंचित उमलवायचे, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची आणि शेवटी तोंडाची कड आत वळवून गोळी पकडून धरायची. हे सगळे ज्या यंत्रावर करायचे, त्याचे तीन प्रकार. पहिल्यावर एका वेळी एकच डाय बसते; म्हणजे पन्नास पुंगळ्यांचे एक काम संपवायचे, डाय बदलायची, मग पन्नासांचे दुसरे काम. दुसऱ्यावर सगळ्या डाय एका फिरत्या डोक्यात बसवलेल्या असतात आणि डोके फिरवत एकेक काडतूस पुरे करता येते. तिसऱ्यावर खाली पुंगळ्यांची तबकडी फिरते. दांडा एकदा ओढला की चार-पाच पुंगळ्यांवर चार-पाच कामे एकाच वेळी होतात आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस डब्यात पडते. पहिल्या प्रकारात तासाला पन्नास ते शंभर काडतुसे होतात, तिसऱ्यात चारशेही सहज होतात. माझ्या यादीत होते ते यंत्र तिसऱ्या प्रकारचे होते.

या विषयावर क्लबात जितकी माणसे, तितकी मते. कोणी विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डच्या ली कंपनीचा भक्त, कारण रिचर्ड ली यांनी १९५८ साली हातोडीने ठोकून काडतूस भरण्याचा साधा संच काढला आणि कमी पैशांत हा छंद सामान्य माणसाच्या हाती दिला. कोणी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या डिलनशिवाय दुसरे नाव घेत नाही. कोणी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला सुरू झालेल्या आरसीबीएसचा हिरवा रंग तीन पिढ्या वापरत आला आहे. ही सगळी माणसे मला प्रेमाने समजावून सांगत होती आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे होते, कारण प्रत्येकजण स्वतःच्या गरजेबद्दल बोलत होता. जो माणूस महिन्याला दोन हजार बार काढतो, त्याने एका डायच्या यंत्रासमोर बसावे हे म्हणणे चुकीचे आहे. मी माझा हिशेब मात्र घातलाच नव्हता. गुरुवारी तीस बार, शनिवारी सरावाचे साठ-सत्तर. आठवड्याला शंभर. म्हणजे पन्नासांचे दोन घाणे.

'फट्' असा तो आवाज ऐकला त्या रात्री मला जे आठवत राहिले, ते मात्र यंत्र नव्हते. आठवत राहिले अण्णांचे दुकान.

सराफ बाजारात, भांडीबाजाराकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी ते दुकान होते. दहा फूट रुंद, आत पांढरी गादी, लोड, आणि काचेच्या पेटीत तराजू. अण्णा शाळेतून आलेल्या मला पायरीवर बसवून घेत. गिऱ्हाइकाची गर्दी असो, वैशाखातला उकाडा असो, दागिना पारड्यात ठेवण्याआधी अण्णा हात वर करून छताच्या पंख्याचे बटण बंद करत. पंख्याची पाती पूर्ण थांबेपर्यंत ते काही करत नसत. बायका पदराने वारा घेत, पुरुष टोपी काढून हलवत, आणि अण्णा त्या काट्याकडे पाहत बसत. त्या वेळी कोणी भाव विचारला, कोणी मुलाच्या लग्नाची तारीख सांगितली, तरी ते उत्तर देत नसत. काटा स्थिर होई, ते वजन वहीत लिहीत, दागिना पारड्यातून उचलत, मग पंखा सुरू होई आणि मग ते विचारणाऱ्याकडे वळून हसत. नवख्या गिऱ्हाइकाला तो तुसडेपणा वाटे. मी एकदा शाळेतल्या बक्षिसाची बातमी त्यांना पारडे हलत असताना सांगितली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मला रडू आले होते. रात्री जेवताना त्यांनी सगळी हकिकत दोनदा विचारून घेतली आणि म्हणाले, "बाळ, तराजूपाशी माणसाला एकच कान असतो, आणि तो डोळ्यात असतो."

टपाल खात्यातल्या त्या गृहस्थांना फोन आला तेव्हा त्यांचा हात चालू राहिला, कारण त्यांचे यंत्र चालू राहण्यासाठीच बनवलेले आहे. यात यंत्राचा दोष नाही आणि त्यांचाही फारसा नाही. पन्नास वर्षांत एकदा असे घडले. पण मी स्वतःला ओळखते. मी घरात एकाच वेळी चार कामे हाताळणारी बाई आहे; कुकरच्या शिट्ट्या मोजत मी ऑफिसचे फोन घेतलेले आहेत. माझ्या हाताला थांबवणारे यंत्र हवे होते.

शिवाय .३८ स्पेशलचा एक स्वभाव आहे, जो मला त्या आठवड्यात वाचताना नीट कळला. हे काडतूस स्मिथ अँड वेसनने १८९८ च्या सुमारास काढले, तेव्हा काळ्या दारूचा काळ पुरता सरलेला नव्हता. काळी दारू पोटभर लागते, म्हणून पुंगळी लांब केली; २९ मिलिमीटरहून थोडी अधिक. पुढे धूररहित दारू आली. ती चिमूटभर पुरते. पुंगळीचे माप मात्र तेच राहिले. म्हणजे आज त्या खोल पितळी नळकांड्यात दारू तळाशी तेवढी दिसते आणि वर सगळी पोकळी. त्यात चुकून दुसऱ्यांदा दारू पडली, तर ती बाहेर सांडून चूक दाखवून देत नाही. तिसऱ्यांदा पडली तरी पुंगळीत मावू शकते. दारूच नसणे हा एक धोका, आणि दुप्पट असणे हा त्याहून मोठा. नऊ मिलिमीटरची पुंगळी अवघी १९ मिलिमीटरची. तिच्यात अनेक दारूंच्या बाबतीत दुसरा घास ओसंडतो आणि माणूस सावध होतो. माझी पुंगळी तशी बोलकी नव्हती. मला तिच्या आत डोकावून पाहावे लागणार होते, दर वेळी, प्रत्येकीच्या.

म्हणून मी पहिल्या प्रकारचा प्रेस घेतला, आणि तोही जुना. क्लबातले एक सभासद वारले होते. त्यांच्या पत्नीला तळघर रिकामे करायचे होते. आरसीबीएसचा रॉक चकर, ओतीव लोखंडाचा, हिरवा रंग दांड्यापाशी हाताने घासून गेलेला. विकत घेण्यापूर्वी मी दांडा खालीवर करून मधला खांब डोलतो का ते पाहिले, डाय बसते त्या आट्यांवरून बोट फिरवले. हे आटे बहुतेक सगळ्या कंपन्यांत एकाच मापाचे असतात, पाऊण इंचाहून थोडे जाड आणि इंचाला चौदा, त्यामुळे एका कंपनीच्या प्रेसमध्ये दुसरीची डाय बसते. काही थोडी यंत्रे स्वतःच्याच मापाची डाय मागतात आणि नवख्याने ते आधी विचारून घ्यावे. त्या बाईंनी मला दारूचा एक अर्धा भरलेला डबाही देऊ केला. मी नम्रपणे नाही म्हटले. दुसऱ्याने उघडलेली दारू घ्यायची नाही, हा नियम मला सगळ्यांनी एकमुखाने सांगितला होता, कारण डब्यावरचे नाव आणि डब्यातली वस्तू एकच असल्याची साक्ष देणारा माणूस आता उरलेला नव्हता. त्या डब्याकडे पाहताना मला वाईट वाटले. त्यावर पेन्सिलीने उघडल्याची तारीख लिहिलेली होती, नीटस अक्षरात.

डाय मात्र नव्या घेतल्या आणि कार्बाइडच्या घेतल्या, म्हणजे ज्यांच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडचे कडे बसवलेले असते अशा. सरळ भिंतीच्या पिस्तुली पुंगळीला मग वंगण लावावे लागत नाही आणि नंतर पुसतही बसावे लागत नाही. पहिली पुंगळी डायमध्ये गेली तेव्हा दांड्यातून हाताला जो प्रतिकार जाणवला, तो मला ओळखीचा होता. अण्णांच्या कारागिरांकडे सोन्याची तार बारीक करायची भोकाभोकांची पोलादी पट्टी असे. मी लहानपणी हट्टाने चिमटा धरून तार ओढत असे. धातू आधी अडतो, मग एकदम वितळल्यासारखा हातात येतो. पितळही तसेच अडले आणि आले.

तराजूच्या निवडीत मी सर्वांत जास्त दिवस घालवले. इलेक्ट्रॉनिक काटा झटपट आकडा दाखवतो, पण त्याला तापायला वेळ द्यावा लागतो, हवा आणि तापमान बदलले की त्याचा शून्य सरकतो, आणि स्वस्तातला असला तर चिमूटचिमूट वाढवलेली दारू त्याच्या ध्यानातच येत नाही. दांडीचा काटा सावकाश चालतो. त्याची सुरीसारखी धार अकीकाच्या खोबणीत टेकलेली असते, दांडीच्या टोकाला चुंबक तिचे हेलकावे शांत करते, आणि ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तो खरे सांगतो. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग. हा आकडा वाचून पुस्तक मिटताना मला काहीतरी आठवले आणि मी कागदावर मांडून पाहिले. १८३३ साली कंपनी सरकारने रुपयाचे आणि तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरवले होते. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा; एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. ज्या मापाने मी इथे दारू जोखणार होते, त्याच मापावर अण्णांचा तोळा बेतलेला होता. माझी १४८ ग्रेनची शिशाची गोळी पाऊण तोळ्याहून थोडी भारी. आणि तिला पन्नास यार्ड नेणारी दारू दोन गुंजांच्याही आत. नेमका आकडा मी इथे लिहीत नाही. तो ज्याने त्याने आपल्या गोळीसाठी आणि आपल्या दारूसाठी छापील पुस्तकातूनच घ्यावा, एका नव्हे, दोन पुस्तकांतून ताडून, आणि सुरुवात सर्वांत खालच्या आकड्याने करावी.

मी दांडीचा काटा घेतला, आणि सोबत कसोटीच्या वजनांची छोटी पेटी. ती पेटी उघडली की मखमलीत चिमट्यासह ठेवलेली वजने पाहून मला दर वेळी थोडे गलबलते.

बाकीच्या वस्तूंबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पुंगळीची आणि तयार काडतुसाची लांबी मोजायला व्हर्नियर कॅलिपर, चुकलेले काडतूस ठोकून सुटे करायला हातोडीसारखे एक साधन, पुंगळ्या घासून काढायला मक्याच्या कणसाचा भरडा घालून थरथरणारे भांडे. हे भांडे घरात चालवू नये. त्यातून उडणाऱ्या धुळीत प्राइमरमधले शिसे असते. मी ते गॅरेजमध्ये ठेवले आहे, हातमोजे घालून उघडते आणि कामानंतर हात धुतल्याशिवाय जिन्याच्या कठड्यालाही स्पर्श करत नाही. सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पन्नास भोकांची लाकडी पाटी. दारू घातलेल्या पन्नास पुंगळ्या तिच्यात उभ्या करायच्या आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च घेऊन ओळीने प्रत्येकीत डोकावायचे. सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. माझा पहिल्या प्रकारचा प्रेस निवडण्याचे सगळे कारण त्या पाटीत आहे: पन्नासच्या पन्नास पुंगळ्या एका नजरेखाली, एकाच वेळी, उघड्या तोंडाने समोर असतात. वेगवान यंत्रांवर पातळी तपासणारी स्वतंत्र डाय बसवता येते आणि ती चांगलीही असते, पण मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे होते.

आईला मी हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "घरात ठेवतेस? दारू?" मी तिला नियम सांगितले. इथल्या प्रचलित अग्निसुरक्षा नियमांप्रमाणे घरात वीस पौंडांपर्यंत धूररहित दारू ठेवता येते, पण मूळ डब्यांतच. माझ्याकडे एक पौंड आहे. प्राइमर त्यांच्या मूळ खोक्यांतच राहतात, कधीही बरणीत ओतायचे नाहीत, कारण एक पेटला तर शेजारचे पेटतात. लाकडी कपाट, कुलूप, दारू आणि प्राइमर वेगळ्या खणांत. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असली तर लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे आणि आईच्या मनात तोच कायदा होता. तिने ऐकून घेतले. पण तिचा प्रश्न नियमांचा नव्हता, हे मलाही कळत होते.

माझी मुलगी इथल्या शाळेत पाचवीत आहे. वर्षातून काही वेळा त्यांच्या वर्गात दिवे घालवून, दार लावून, भिंतीला टेकून गप्प बसण्याचा सराव होतो. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर, यासाठी तो सराव आहे हे तिला माहीत आहे. पहिल्यांदा तिने घरी येऊन तो सराव मला करून दाखवला, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघे छातीशी घेऊन इतकी मुकाट बसली, की मी त्या महिन्यात क्लबला गेले नाही. पुढच्या महिन्यात गेले. नेमबाजीने मला या परक्या देशात जे स्थैर्य दिले ते खरे आहे, आणि त्याच देशात माझी मुलगी भिंतीला टेकून बसायला शिकली हेही खरे आहे. या दोन गोष्टींची मी कधी बेरीज करू शकले नाही. अण्णांच्या तराजूत वर्षानुवर्षे मंगळसूत्रे, बाळलेणी, कानातली जोखली गेली. माझ्या पारड्यात जे पडते ते वेगळे आहे. खंडेनवमीला अण्णा तराजूची पूजा करत, पारड्यांना हळदकुंकू, दांडीला झेंडू. यंदा मी प्रेसला आणि काट्याला झेंडूची दोन फुले वाहिली, हात जोडले, आणि काय मागावे ते मला सुचले नाही. मग मी तशीच थोडा वेळ उभी राहिले.

पहिला घाणा मी जानेवारीतल्या एका रविवारी भरला. तळघरात टेबल मी मुद्दाम घर तापवणाऱ्या भट्टीच्या झोतापासून लांब मांडले होते, तरी वरच्या मजल्याला ऊब हवी झाली म्हणून भट्टी सुरू झाली आणि काट्याची दांडी हलू लागली. मी उठले, जिन्यापाशी गेले, भट्टीचे बटण बंद केले आणि पंख्याची घरघर पूर्ण थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. बाहेर बर्फ पडत होते, ते पडताना आवाज करत नाही. परत येऊन पारड्यात दारू घेतली. ती करड्या रंगाची, बारीक चकत्यांची, पेन्सिलीच्या टोकाचा चुरा पडावा तशी दिसते आणि तिला किंचित ईथरसारखा वास असतो. दांडी वर गेली, खाली आली, वर गेली, खुणेवर टेकली. नरसाळ्यातून ती एका पुंगळीत गेली आणि ती पुंगळी डाव्या पाटीतून उजव्या पाटीत. एक. मग दुसरी.

अठरा-एकोणिसाव्या पुंगळीला माझे मन जरा सैल झाले असावे. हातातली पुंगळी भरलेली आहे की भरायची आहे, याची मला क्षणभर खात्री वाटेना. टॉर्च लावून पाहिले तर भरलेली होती, पातळीही बरोबर दिसत होती. तरीही मी ती उलटी करून दारू पुन्हा पारड्यात घेतली. वजन बरोबर होते. मग उजव्या पाटीतल्या सगळ्या एकेक करून उलट्या केल्या, डब्यात रिकाम्या केल्या, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तासभर अधिक गेला. तो तास मला जड वाटला नाही.

दुसऱ्यांदा अर्ध्याच्या पुढे गेले असताना जिन्याच्या वरच्या टोकाला दार उघडल्याचा आवाज झाला आणि मुलीने हाक मारली, "आई, बाबांनी पानं घेतली आहेत." दांडी हलत होती. मी उत्तर दिले नाही, वळूनही पाहिले नाही. तिने पुन्हा हाक मारली नाही. तिची पावले दोन-तीन पायऱ्या खाली आली आणि थांबली. दांडी खुणेवर आली, दारू पुंगळीत गेली, पुंगळी उजव्या पाटीत गेली. मग मी वळले. टेबलाजवळ यायचे नाही हे तिला सांगून ठेवलेले आहे, म्हणून ती वरून तिसऱ्या पायरीवर बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर टेकवून, आणि पारड्याकडे पाहत होती.

"झालं?" तिने विचारले.

मी डाव्या पाटीतल्या पुंगळ्या मोजल्या.

"अजून अकरा," मी म्हणाले. ती तिथेच बसून राहिली.